जुन्या फरशीवर व्हिनाइल टाकायचंय: खालची तयारी किती आणि कशी?

मृण्मयी_क (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत व्हिनाइल टाकायचं चाललंय. एका खोलीत जुन्या सिरॅमिक टाइल्स आहेत, ग्राऊटच्या रेघा चांगल्या जाड. शेजारची खोली नंतर वाढवलेली, तिथे नुसता सिमेंटचा कोबा. दोन्ही खोल्या जिथे जुळतात तिथे बोटभर उंचीचा फरक आहे. कोबा दिसायला गुळगुळीत, पण खुर्ची ठेवली की एक पाय हवेत.

विक्रेता म्हणतो, "खाली फोम अंथरा, वर व्हिनाइल टाका, बाकी काही करावं लागत नाही." बसवणारा म्हणतो, टाइल्स सगळ्या फोडून टाका. या दोघांच्या मधलं खरं काय ते इथे कुणीतरी सांगेलच, म्हणून धागा काढतेय. क्लिकची फळी (एकमेकींत अडकवून, जमिनीला न चिकटवता टाकायची) घ्यायची की चिकटवायचा रोल, तेही अजून ठरलेलं नाही.

ओळंबा

मृण्मयीताई, व्हिनाइल निवडायची घाई नको. आधी जमीन तपासा, तिच्यावर कोणतं चालेल ते तिच्याकडे बघूनच ठरतं.

रोल असो की चिकटवायची पट्टी, जाडी दोन-तीन मिमी, त्यात मऊ. खाली वाळूचा एक खडा राहिला तरी काही दिवसांनी वर पुळीसारखा दिसायला लागतो. ग्राऊटच्या रेघा, थापीचे फटकारे, खिळ्यांची डोकी, सगळं वर उमटतं. खिडकीतून तिरपं ऊन आलं की जास्तच. क्लिकची कडक फळी (एसपीसी) जाड असते, ती बारीक रेघा झाकून नेते. पण खड्ड्यावर ती अधांतरी राहते आणि पाऊल पडलं की दबते, उचललं की वर येते. हे रोज शेकडो वेळा झालं की सांध्यातली जीभ तुटते. म्हणजे रोलखालची खोड लगेच दिसते, आणि क्लिकखालची तेव्हा कळते जेव्हा फळ्या सुटायला लागतात.

फोमबद्दल विक्रेता जे सांगतोय ते विसरा. फोम खड्डा भरत नाही, खड्ड्यात उतरतो. वर क्लिक टाकली तर तिला आणखीच झोके मिळतात. बऱ्याच फळ्यांना मागे पातळ थर कारखान्यातच चिकटवलेला असतो. तसा असेल तर खाली दुसरा थर घालायचाच नाही, उत्पादक वॉरंटीत स्पष्ट नाही म्हणतात. आणि चिकटवायच्या रोलखाली फोमचा प्रश्नच येत नाही.

कुतूहल

धागा कामाचा आहे, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: माझ्याकडे पाणसळीचा बुडबुडा कधीच मधोमध येत नाही. म्हणजे व्हिनाइल विसरायचं का?

ओळंबा

@कुतूहल, अजिबात नाही. खोली एका बाजूला उतरती असली तरी व्हिनाइलला काही फरक पडत नाही. लाटा आणि खड्डे नकोत. त्यामुळे इथे पाणसळीपेक्षा लांब सरळ पट्टी कामाची. अ‍ॅल्युमिनियमची दोन मीटरची पट्टी घ्या, तीन मीटरची मिळाली तर उत्तम. ती वाकलेली नाही ना हे आधी बघा: जमिनीवर ठेवून कडेने रेघ मारा, पट्टी उलटी करून त्याच रेघेला लावा, फट दिसली तर पट्टीच वाकडी.

मग एक टोक जागेवर ठेवून पट्टी गोल फिरवत संपूर्ण खोली झाडून काढायची. खाली उजेड दिसेल तिथे ड्रिलची बिट सरकवून बघायची. क्लिकच्या फळीसाठी बहुतेक उत्पादक ३ मीटर लांबीत साधारण ५ मिमीपर्यंत फरक चालवून घेतात, चिकटवायच्या व्हिनाइलला ३ मीटरला ३ मिमी. म्हणजे ३ आणि ५ मिमीच्या दोन बिट खिशात असल्या की मोजमाप झालंच. पट्टी एखाद्या जागी डुगडुगली तर तिच्याखाली उंचवटा आहे. तुमच्या पाकिटावर यापेक्षा कडक आकडा लिहिला असेल तर तो पाळायचा.

खुणा पेन्सिलने करा. मार्करने अजिबात नको. शाईतला रंग व्हिनाइलमध्ये वर चढतो, आणि वर्षभराने दिवाणखान्यात मधोमध "खड्डा" असं अंधुक अक्षरात वाचायला मिळतं.

तिरका_कोन

हाहा, हे मी एका दुकानात पाहिलंय, बाण आणि आकडे स्वच्छ वाचता येत होते.

जुना_गवंडी

खड्डे भरायची घाई सगळ्यांना असते. आधी उंचवटे घासा. चार मिमीचा एक टेंगूळ तसाच ठेवला तर त्याच्यापायी अख्खी खोली चार मिमी वर घ्यावी लागते, पोती वाढतात, दारं घासायला लागतात. कोब्यावर टेंगूळ असेल तर ग्राइंडरला हिऱ्याची वाटी लावून पाच मिनिटांत उतरतो.

पण धूळ! सिमेंट-काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात गेली की कायमची. रुमाल बांधून हे काम करायचं नाही. चांगला घट्ट बसणारा मास्क आणि ग्राइंडरला झाकण लावून व्हॅक्यूम. झाडूने तर मुळीच झाडू नका, बारीक धूळ तासभर हवेत तरंगते आणि शेवटी पुन्हा जमिनीवरच बसते. त्या धुळीवर प्राइमर (पुढच्या थराला पकड देणारा पहिला हात) लावला तर प्राइमर धुळीला चिकटतो, कोब्याला नाही.

सारंगी

सपाटीवर चांगली चर्चा चाललीय, पण तळमजला म्हटल्यावर मी सगळ्यात आधी ओल बघेन. सपाटी चुकली तर दिसते आणि दुरुस्त होते. ओल झाकली गेली की ती खालून काय करते ते बाहेरून कळत नाही.

उघड्या काँक्रीटमध्ये पाणी खालून वर येत राहतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. म्हणून वरचा थर कोरडा, खालचा ओला. हाताला, डोळ्याला सगळं कोरडंच वाटतं. त्यावर व्हिनाइल आलं की उडून जायची वाट बंद. पाणी मग हळूहळू संपूर्ण जाडीत सारखं पसरतं आणि व्हिनाइलच्या पोटाशी येऊन थांबतं. येताना सिमेंटमधला क्षार घेऊन येतं. नव्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, आणि बरीचशी चिकटद्रव्यं ९-१०च्या वर टिकत नाहीत. त्यांचं अक्षरशः साबणासारखं बुळबुळीत काहीतरी होतं. रोलला फुगे येतात, सांधे उघडतात, कडेने पांढरा लोणा फुटतो.

क्लिकच्या फळीला पाण्याने स्वतःला काही होत नाही, त्यामुळे विक्रेते "वॉटरप्रूफ" म्हणून मोकळे होतात. पण फळीच्या खाली अडकलेल्या ओलीत बुरशी येते आणि तिचा वास खोलीत येतो. फळी वॉटरप्रूफ असणं आणि खालची जमीन कोरडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरच्या घरी करायची चाचणी: ४५ सेंमी चौरस जाड प्लास्टिक, चारही कडा टेपने पक्क्या बंद, किमान १६ तास तसंच ठेवायचं. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा तेवढा चौकोन गडद झालेला असला तर ओल आहे. बाहेरच्या भिंतीलगत, मोरी किंवा नळाजवळ आणि मध्ये, अशा वेगवेगळ्या जागी लावा. मात्र ही चाचणी एकाच दिशेने विश्वासाची. ओल दिसली तर नक्की आहे. दिसली नाही तर "नाही" असं म्हणता येत नाही, कारण ती फक्त वरच्या थराबद्दल बोलते.

चिकटवायचं व्हिनाइल असेल आणि जमीन मातीला टेकलेली असेल तर काँक्रीटला भोकं पाडून आत प्रोब बसवून आर्द्रता मोजून घ्यावी. एएसटीएम एफ २१७० हे त्या पद्धतीचं प्रमाणित (अमेरिकी) मानक. वरूनच सुकणाऱ्या स्लॅबमध्ये भोक जाडीच्या ४० टक्के खोल घेतात, म्हणजे १०० मिमी स्लॅबला ४० मिमी. इतकंच खोल का, तर त्या खोलीवरची आर्द्रता म्हणजे साधारण जी नंतर झाकल्यावर वरपर्यंत येणार ती. भोक बंद करून प्रोबला २४ तास द्यायचे, मग आकडा वाचायचा. किती टक्के चालेल ते चिकटद्रव्याच्या डब्यावर असतं. ७५ पासून वरचे आकडे दिसतात.

रंधा

सारंगीताई, सगळ्या धाग्यात कामाचा प्रतिसाद हाच. मग ओल सापडली तर? वर प्लास्टिक अंथरून काम भागवायचं का?

सारंगी

आधी ती कुठून येतेय ते शोधायचं. गळका पाइप, बाहेरची माती किंवा अंगण कोब्यापेक्षा उंच, पावसाचं पाणी भिंतीशी साचणं, किंवा काँक्रीट नवंच. नव्या काँक्रीटला ढोबळ हिशेब २५ मिमी जाडीला एक महिना, तोही हवा कोरडी आणि खिडक्या उघड्या असतील तर. १०० मिमीचा स्लॅब पंधरा दिवसांत तयार झाला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

कारण संपवल्यावरही मातीतून थोडी वाफ येतच राहणार असेल तर मार्ग दोन. तरंगत्या क्लिकखाली ०.१५ मिमी जाड पॉलिथिन, जोडावर २० सेंमी एकावर एक आणि टेप, कडा भिंतीवर थोड्या चढवलेल्या. चिकटवायच्या व्हिनाइलखाली पॉलिथिन चालत नाही, तिथे काँक्रीट घासून दोन भागांचं इपॉक्सी ओलरोधक लावावं लागतं. पण पाइप गळत असेल तर हे दोन्ही म्हणजे नुसतं पांघरूण.

तिरका_कोन

टाइल्सच्या खोलीबद्दल मी बसवणाऱ्याच्या बाजूने आहे. फोडा. खाली काय आहे ते कळतं, उंची वाढत नाही, दाराच्या खालून कापाकापी नाही. जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं करत गेलं की शेवटी उंबरठा गुडघ्याला येतो.

ओळंबा

तिरकेराव, तुमचं उंचीचं म्हणणं मान्य. पण घट्ट बसलेल्या टाइल्स फोडल्या की त्यांच्याबरोबर खालचा मसालाही जागोजागी निघतो. मग अख्ख्या खोलीत नवा थर, मग तो सुकेपर्यंत थांबणं. म्हणजे एक बरी सपाट जमीन आपणच उखडून पुन्हा पहिल्यापासून बनवायची. त्यापेक्षा टाइल्स वाजवून बघा. जड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाइलच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर. खणखणीत वाजली तर घट्ट, पोकळ वाजली तर सुटलेली. दोन-चार पोकळ निघाल्या तर तेवढ्या काढून सिमेंटच्या पॅचने भरायच्या. निम्मी खोली पोकळ वाजली तर तुमच्याशी सहमत, फोडा.

आणि वाजवताना खालून ओल नाही ना तेही बघा. ग्राऊटमध्ये पांढरी पूड दिसत असेल तर सारंगीताईंच्या प्रतिसादाकडे परत जा.

तिरका_कोन

मसाला निघण्याचा मुद्दा बरोबर आहे. तरी दार उघडेल का ते मोजून मगच ठरवा, एवढं म्हणेन. व्हिनाइलचा एक तुकडा आणि जो काही थर चढणार असेल त्याच्या जाडीचा प्लायचा तुकडा दाराखाली सरकवून बघा. चौकट असेल तर तिचा पायही तेवढाच कापावा लागेल, म्हणजे फळी त्याच्याखाली जाईल. चौकटीभोवती फळी कोरत बसण्यापेक्षा हे किती तरी सोपं.

कुतूहल

ग्राऊटच्या रेघा भिंतीच्या पुट्टीने भरल्या तर? घरात अर्धं पोतं उरलंय.

जुना_गवंडी

नको हो! भिंतीची पुट्टी भिंतीवरच. तिच्यावर कुणी चालत नाही, कपाट सरकवत नाही. व्हिनाइलखाली ती चुरा होते आणि तो चुरा सांध्यातून खाली-वर फिरत राहतो. पीओपीसुद्धा नको, ओल लागली की मऊ पडतं.

टाइलच्या रेघा भरायला फरशीसाठीचं बारीक सिमेंटी पॅचिंग कंपाउंड मिळतं, ते स्टीलच्या सपाट थापीने रेघेच्या आडवं ओढायचं. रेघेच्या दिशेने ओढलं तर थापी आत जाऊन मसाला काढून आणते. पहिला हात सुकला की रेघेत थोडा बसतो, म्हणून दुसरा हात लागतोच. रोल टाकायचा असेल तर दुसऱ्या हातानंतर नखाने आडवं चाचपून बघा, नखाला रेघ लागली तर रोललाही लागणार. जाड क्लिकला एवढं नाजूक काम लागत नाही, अरुंद रेघा तशाच चालतात. किती रुंदीपर्यंत चालतील ते पाकिटावर असतं.

टाइलवर काही लावायच्या आधी मात्र तेल, मेण, फरशीचं पॉलिश सगळं गेलं पाहिजे. डिटर्जंटने घासून, साध्या पाण्याने दोनदा पुसून, सुकवून. मग चकाकी जाडसर कागदाने मोडायची.

रंधा

थोडं अवांतर होतंय, पण विषयाला धरून आहे. माझ्याकडे वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन आहे, चालताना करकरते. तिच्यावर थेट रोल टाकला तर?

फळीवाला

अवांतर कसलं, लाकडाचा विषय यायलाच हवा होता.

थेट नाही. फळ्या ऋतूप्रमाणे फुगतात-आक्रसतात, प्रत्येक फट काही महिन्यांत रोलवर छापलेली दिसेल. आधी करकर थांबवा. फळी आणि खालची कडी (आधाराचा आडवा वासा) यांच्यामध्ये खिळा सैल झाला की ती वाजते. खिळे ठोकून उपयोग नाही, पुन्हा सुटतात. स्क्रूने फळी कडीला आवळायची, डोकं पृष्ठभागाच्या जरा खाली. कुजलेली, वाळवी लागलेली फळी बदलायची.

मग लाकडाची ओल मोजायची. पिना टोचून मोजणारं मीटर असतं, १२-१३ टक्क्यांच्या आत आकडा हवा. जास्त असेल तर खालून हवा खेळते का बघा. जमिनीला टेकलेल्या कड्यांवरची लाकडी जमीन व्हिनाइलने झाकूच नये, वरून श्वास बंद झाला की खालून कुजायला लागते.

त्यानंतर वर किमान ६ मिमीचा चांगला प्लाय. चांगला म्हणजे ज्याच्या आत पोकळ्या नाहीत. आतल्या थरात भोक असेल तर टाचेखाली तिथे खळगा पडतो. प्लायचे जोड खालच्या फळ्यांच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत, आणि चार तुकड्यांचे कोपरे एका जागी मिळू द्यायचे नाहीत. प्लायला खिळे मारताना मधून कडेकडे जायचं, नाहीतर मध्ये फुगवटा अडकतो. कडेला दर ५ सेंमीवर, मधल्या भागात दर १० सेंमीवर. हात दुखतात, पण प्लाय एक इंच जरी मोकळा राहिला तरी आवाज येतो. जोड आणि डोकी पॅचिंग कंपाउंडने भरून घासायची. पार्टिकल बोर्ड लावू नका, पाणी लागलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

रंधा

फळीवालेकाका, दंडवत.

मृण्मयी_क

एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. टाइल्स वाजवून बघितल्या. बहुतेक खणखणीत, फक्त खिडकीखालच्या थोड्या पोकळ. कोबा पट्टीने बघितला तर मध्ये ठळक बशी आहे, ७-८ मिमी खोल. तिथे सेल्फ लेव्हलिंग ओतावं म्हणते. हे पीठ बादलीत कालवून ओतलं की आपोआप पसरतं ना?

जुना_गवंडी

"आपोआप" या शब्दाने बरीच कामं बिघडवली आहेत. पसरतं ते, पण त्याला वेळ फार कमी असतो, दहा-वीस मिनिटं. आणि खाली प्राइमर नसेल तर कोरडा कोबा त्यातलं पाणी शोषून घेतो, मग ते जिथे ओतलं तिथेच ढेकूळ होऊन बसतं, वर टाचणीएवढी भोकं पडतात.

आधी पाण्याचे थेंब टाकून बघा. मिनिटभरात मुरले तर कोबा शोषून घेणारा, त्याला साधा प्राइमर, कदाचित दोनदा. थेंब मण्यांसारखे तसेच उभे राहिले तर वर काहीतरी आहे: जुना सीलर, क्युरिंगचं रसायन, तेल किंवा घोटून काढलेली चकाकी. त्याला तेवढा थर घासून काढायचा. टाइलसारख्या न शोषणाऱ्या जमिनीला वाळू मिसळलेला खरखरीत प्राइमर वेगळा मिळतो.

किल्लीने कोबा खरवडून बघा. पांढरी रेघ उमटून थांबली तर ठीक. पूड निघत राहिली, दुसऱ्यांदा ओढली तरी निघत राहिली, तर वरचा थर कच्चा आहे. त्यावर लेव्हलर ओतला की सुकताना आक्रसतो आणि तो कच्चा थरच उचलून आणतो. खपली निघते तशी अख्खी लादी सुटते. असा थर घासून घट्ट कोब्यापर्यंत जायचं.

ओतायच्या दिवशी दोन माणसं हवीत. एक कालवणार, एक ओतणार. पाणी मापाच्या भांड्याने, पोत्यावर लिहिलंय तेवढंच. घट्ट वाटलं म्हणून तांब्याभर जास्त घातलं की वर पाणी तरंगतं, आणि सुकल्यावर वरचा थर खडूसारखा सुटतो. पाण्यात पीठ घालायचं, पिठात पाणी नाही, आणि फिरवायचं यंत्र हळू, नाहीतर हवा भरते. पहिली बादली ओतली की तिची कड ओली असेपर्यंत दुसरी तिला मिळाली पाहिजे. काट्यांचा रोलर फिरवला की बुडबुडे फुटतात आणि दोन बादल्यांचा जोड विरघळतो. खिडक्या बंद, पंखा बंद, ऊन पडत असेल तर पडदा. वाऱ्याने वरून सुकतं आणि तडे जातात. दाराशी फोमची पट्टी लावून बांध घाला, नाहीतर शेजारच्या खोलीत जाईल.

चालण्याजोगं काही तासांत होतं, व्हिनाइल टाकण्याजोगं व्हायला बहुधा एक दिवस किंवा जास्त. जाड ओतलं असेल तर आणखी.

कुतूहल

कोब्यात तडा असेल तर लेव्हलर त्यात जाऊन भरून टाकतो ना?

ओळंबा

केसाएवढा, जुना, दोन्ही कडा एका पातळीत असलेला तडा असेल तर उकरून, साफ करून पॅच किंवा इपॉक्सीने भरून पुढे जायचं. एक कड वर, एक खाली असेल किंवा तडा रुंदावत असेल तर तो हलतोय. त्याच्यावर काहीही ओतलं तरी तडा वर येणारच. आधी तो का हलतोय ते बघा.

मुद्दाम सोडलेले प्रसरणाचे सांधे मात्र कधीच भरून बुजवायचे नाहीत. मृण्मयीताई, तुमची खोली नंतर वाढवलेली आहे, म्हणजे जुन्या आणि नव्या बांधकामाच्या मध्ये असा सांधा असण्याची शक्यता मोठी. तो वर व्हिनाइलपर्यंत तसाच न्यायचा आणि त्यावर झाकणपट्टी बसवायची.

अनामिक_वाचक

आमच्याकडे खाली जुनंच व्हिनाइल आहे, बारीक चौकोनी तुकड्यांचं, त्याखाली काळा डिंक. घासून काढायचा विचार होता.

सारंगी

थांबा! ९ इंची चौकोनी तुकडे आणि काळा डांबरी डिंक, म्हणजे जुनं काम. १९८०च्या दशकाआधीच्या अशा लाद्यांत, डिंकात आणि रोलच्या मागच्या कागदी थरात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतूंचं खनिज) असू शकतो. तो घट्ट बसलेला असताना धोका नसतो, घासून-खरवडून धूळ केली की असतो. आधी एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. असेल तर सगळ्यात बरं म्हणजे न उखडता वरून झाकणं, आणि काढायचाच असेल तर त्या कामाचा परवाना असलेले लोक.

नसला तरी त्या डिंकावर थेट नवं व्हिनाइल चिकटवू नका, डांबराचा तपकिरी डाग वर येतो. द्रावक ओतून डिंक धुवायचाही मोह टाळा. तो काँक्रीटमध्ये मुरतो आणि नंतर नव्या चिकटद्रव्याला मऊ करतो. आणि जुनं व्हिनाइल खाली मऊ गादीसारखं असेल तर त्याच्यावर नवं टाकूच नका, काढाच.

रच्याकने, डागांवरून आठवलं: नव्या व्हिनाइलवर रबराच्या पाठीचं पायपुसणं ठेवू नका. पिवळा चौकोन उठतो, तो कशानेच जात नाही.

रंधा

आणि जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप असतील तर?

ओळंबा

चालतं, पण आधी ते चालवून जमीन पूर्ण सुकवून घ्यायची, बसवायच्या आधी बंद करायचं आणि बसवल्यावर एक-दोन दिवसांनी हळूहळू वाढवायचं. पृष्ठभागाचं तापमान २७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि जिप्समचा स्क्रीड (स्लॅबवरचा सपाटीचा थर) असेल तर वरची पांढरी साय घासून काढून प्राइमर लावल्याशिवाय सिमेंटचा लेव्हलर ओतायचा नाही. दोघांची रासायनिक क्रिया होऊन मधला थर फुगतो आणि सुटतो.

मृण्मयी_क

प्लास्टिक काढलं आज. टाइल्सच्या खोलीत कुठेच काही नाही. कोब्याच्या खोलीत मध्ये कोरडं, पण बाहेरच्या भिंतीलगतचा चौकोन काळपट आणि खाली थेंब. बाहेर जाऊन बघितलं तर त्या बाजूची माती कोब्याच्या पातळीपेक्षा वर आलेली आहे, बागेतल्या वाफ्यामुळे.

त्यामुळे आता असं ठरतंय: टाइल्सच्या खोलीत पोकळ तुकडे काढून पॅच, आणि वर क्लिकची फळी. कोब्याच्या खोलीत आधी वाफा हटवून माती खाली घेणार आणि भिंतीपासून लांब उतार काढणार. मग कोबा उघडाच ठेवून सुकू देणार, आणि पुन्हा चाचणी. बशी त्यानंतर भरणार. सारंगीताई, बरोबर ना?

आणि दोन खोल्यांमधला तो बोटभर फरक कसा मिटवायचा?

सारंगी

बरोबर. फक्त दुसऱ्या वेळी प्लास्टिकवर न थांबता प्रोब लावून घ्या, विशेषतः त्या खोलीत काही चिकटवायचा विचार असेल तर. क्लिक टाकणार असाल तर पॉलिथिन घालाच.

जुना_गवंडी

फरकाचं असं करा. कोब्याची बशी भरताना तिथली पातळी थोडी वर येईलच. तेवढं झाल्यावर किती फरक उरतो ते मोजा. उरला तर खालच्या बाजूने पॅचिंग कंपाउंडने लांबट उतार काढा, एका वितीत उतरवू नका. फळीला वाकायला नको, म्हणून उतार जितका लांब तितका बरा. ३ मीटरला ५ मिमीचा नियम तिथेही लागू.

फळीवाला

आणि दारात दोन्ही खोल्यांच्या फळ्या वेगळ्या ठेवा, सलग नेऊ नका. मध्ये टी आकाराची झाकणपट्टी, दोन्ही बाजूंना फळीला ८-१० मिमी मोकळी जागा. भिंतींशीही तेवढीच, स्कर्टिंगखाली झाकली जाते. फळ्यांची खोकी किमान ४८ तास आधी त्याच खोलीत आडवी ठेवा, उभी टेकवून नको.

पट्टीचा स्क्रू खालच्या कोब्यात मारायचा, फळीतून नाही. फळीतून मारला की फळी जागेवर खिळते, आणि उन्हाने वाढली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला फुगवटा येतो.